सायकलची १०८ कड्यांची चेन आणि इतर पवित्र खटपटी

तेलकट_हात
मंडळी, परवा सायकलची चेन धुवायला काढली. रॉकेलच्या ताटलीत बुडवायची, जुन्या टूथब्रशनं एकेक कडी घासायची, पुढे सरकवायची. पुन्हा घासायची, पुन्हा सरकवायची. अंगठा आणि मधलं बोट आपोआप तालात चालायला लागलं आणि थोड्या वेळानं लक्षात आलं की मी मनात आकडे मोजतोय. शंभरी ओलांडली, १०६, १०७, आणि १०८ वर जोडकडी हातात आली. तीच ती, बारीक क्लिपवाली, जिथून चेन उघडते.

मी ताटलीत हात तसाच ठेवून दोन मिनिटं बसून राहिलो. १०८ कड्या आणि त्यांतली एक बाकीच्यांपेक्षा वेगळी. हा जपमाळेचा मेरुमणी नाही तर काय! चेनला माळ म्हणायला आता फक्त गोमुखी शिवायची बाकी आहे.

मग डोकं चाललंच. माझं पुढचं चक्र ४८ दात्यांचं आहे आणि मागचं १८चं. पुढे ५४चं लावलं तर पायडलच्या बरोब्बर दोन फेऱ्यांत पूर्ण चेन एकदा फिरते. म्हणजे दोन पायडलला एक माळ. चेन तीच पुरते, मागचं चाक खाचेत दोन सेंटीमीटर पुढे ओढायचं, की दोन्ही चक्रांच्या मध्यांत साधारण ४५ सेंटीमीटर उरतात आणि १०८ कड्या चपखल बसतात. हे मी कागदावर करून पाहिलंय. ५४ भागिले १८ म्हणजे ३, तेव्हा एका माळेत मागचं चाक सहा वेळा फिरणार आणि सायकल साडेबारा मीटर पुढे जाणार. जप करता करता गिरणीतून दळणसुद्धा आणता येईल.

तर हा धागा अशाच खटपटींसाठी. सायकलचे गिअर, चेन, फ्रीव्हील, हब यातलं काहीही आणि कोणत्याही धर्मातली कोणतीही उपासना. जोड्या लावा. पेटंट घेणार नाही, कोणीही वापरा.

निमूट
हसून हसून पुरेवाट. पण एक तांत्रिक गोष्ट. १०८ हा आकडा तुम्हाला योगायोगानं मिळाला, सम असणं मात्र योगायोग नाही. चेनमध्ये एक आतली कडी, एक बाहेरची, पुन्हा आतली, पुन्हा बाहेरची अशी गुंफण असते. टोकं जुळायची तर एकूण कड्या समच लागतात. एका कडीची लांबी १२.७ मिलिमीटर, म्हणजे तुमची माळ १ मीटर ३७ सेंटीमीटरची झाली. गळ्यात घालता येईल, मानेला तेल लागेल एवढंच.

५४ला मात्र माझा किंचित विरोध आहे. चेन सम आणि चक्रही सम असलं, की एखाद्या दात्याच्या नशिबी जन्मभर आतलीच कडी येते आणि शेजारच्याच्या नशिबी बाहेरचीच. दाते असमान झिजतात. चक्र विषम दात्यांचं असेल तर प्रत्येक दात्याला दोन्ही आलटूनपालटून भेटतात.

तेलकट_हात
म्हणजे प्रत्येक दात्याचं प्रारब्ध ठरलेलं. हे तर अजूनच धार्मिक झालं की.

मेरुमणी
आयडी पाहून कळलंच असेल की मी गप्प बसणार नाही. तेलकटराव, तुमच्या यंत्रात मूळातच दोष आहे. जपात मेरुमणी ओलांडत नाहीत. मेरूपाशी पोचलं की माळ फिरवायची आणि आलो तसं उलट जायचं. तुमची चेन तर जोडकडीवरून बिनदिक्कत पुढे जाते. साध्या वेगानं चाललात तरी मिनिटाला तीस वेळा मेरूचं उल्लंघन! एवढं पातक तर मडगार्ड नसलेल्या सायकलनंही अंगावर उडत नाही.

तेलकट_हात
मेरुमणी, दंडवत. हा मुद्दा रात्रभर डोक्यात होता आणि उत्तर सापडलंय. ते शंभर वर्षांपूर्वीच फ्रान्समध्ये करून ठेवलेलं आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे रेट्रो-डायरेक्ट नावाचा प्रकार होता. इरॉन्देल नावाच्या सायकलींवर यायचा. मागच्या चाकाला दोन फ्रीव्हील, म्हणजे एकाच दिशेला जोर धरणारी दातेरी चक्रं, एक लहान, एक मोठं. चेन एकावरून जाते, मग मधल्या एका छोट्या चक्रीवरून वळून दुसऱ्याला उलट्या बाजूनं मिठी मारते. सरळ पायडल मारलं की लहान फ्रीव्हील चाक ओढतं, आणि उलटं मारलं की मोठं ओढतं. गंमत ही की दोन्ही वेळा सायकल पुढेच जाते. तो चढासाठीचा गिअर होता, चढ आला की लोक उलटे पायडल मारायचे.

आता यावर माळ बसवा. जोडकडी वर आली की पाय थांबवायचे आणि उलटं पायडल. चेन आली तशी परत जाते, मेरू ओलांडला जात नाही, आणि सायकल तरीही पुढे सरकत राहते. साधनेत माघार नाही!

निमूट
सुंदर. फक्त दोन फ्रीव्हील आणि मधली चक्री एवढा फेरा घ्यायचा तर चेन लांब लागते. १०८मध्ये भागणार नाही.

तेलकट_हात
पुढचं चक्र ३६चं करतो, तिथे कड्या वाचतील. मग तीन पायडलला एक माळ. चढावर सोपंही जाईल.

निमूट
दर तीन पायडलला दिशा बदलणारा माणूस रस्त्यावर दिसला तर लोक आधी बाजूला होतील, मग नमस्कार करतील.

तीन_तेरा
कोणी हिशोब केलाय का? सेकंदाला एक पायडल धरा, ही काही फार नाही, रमतगमत चाललेली गती आहे. ५४चं चक्र म्हणजे सेकंदाला ५४ कड्या. दर कडीला एक नाम, म्हणजे सेकंदाला ५४ नामं. मिनिटाला ३,२४०. लाखाचा संकल्प एकतीस मिनिटांत खलास. इतक्या वेगानं नाम घेणारी जीभ अजून जन्माला यायची आहे, त्यामुळे ही जपमाळ नसून जपाची गिरणी आहे.

आणि मुळात गिअर काही फुकट देत नाही. वेग तिप्पट घेतलात तर जोर तिसऱ्या हिश्श्यावर येतो. यालाच मी पुण्याच्या अक्षय्यतेचा नियम म्हणतो: पुण्य गिअरनं निर्माण होत नाही, फक्त एका शाफ्टवरून दुसऱ्या शाफ्टवर जातं. चांगली, वंगण घातलेली चेनसुद्धा ९७-९८ टक्केच पलीकडे पोचवते. उरलेले दोन-तीन टक्के दक्षिणा समजा.

मेरुमणी
दक्षिणा फारच कमी आहे.

तेलकट_हात
तीन_तेरा, बरोबर पकडलंत. आपण सगळे सायकलवाले वेग वाढवायलाच गिअर वापरतो, म्हणून माझं डोकं त्याच दिशेनं गेलं. इथे उलटं पाहिजे. पाय सेकंदाला एक फेरा मारणार आणि चेन मात्र सेकंदाला एकच कडी सरकणार, म्हणजे ५४ पटीनं हळू. ५४ म्हणजे ३ गुणिले ३ गुणिले ३ गुणिले २. तेव्हा १८ दात्यांचं चक्र ५४च्या चक्राला फिरवील अशा तीन जोड्या, आणि १८ ते ३६ अशी चौथी. चार टप्पे. घरात तेवढी भंगार चक्रं पडलेली आहेत (बायकोच्या मते तिप्पट).

जोर मात्र ५४ पट होईल. शेवटच्या शाफ्टवर कोणाचं बोट सापडलं तर मोक्ष त्या बोटापासून सुरू होईल.

साधा_भाविक
वाचत होतो, राहवलं नाही. उपासनेची ही टिंगल कशासाठी? जप ही अंतःकरणाची गोष्ट आहे. ती चेनला आणि दात्यांना जोडून हसं करायचं, हे बरं नव्हे. दुसऱ्या कुठल्या विषयावर काड्या टाका.

गवाक्ष
साधा_भाविक, तुमचा राग समजतो, पण उपासनेला चाकं लावायचं काम धाग्याकर्त्यानं सुरू केलेलं नाही. तिबेटी लोकांचं मणिचक्र घ्या. आत मंत्र लिहिलेल्या कागदाची गुंडाळी असते, चक्र एकदा फिरलं की आतले सगळे मंत्र म्हटल्यासारखं फळ. हातात धरून फिरवायची असतात, मठाच्या भिंतीला ओळीनं लावलेली असतात, ओढ्याच्या पाण्यावर फिरणारी असतात आणि वाऱ्यावर फिरणारीही. दिव्याच्या ज्योतीवर तापलेली हवा वर चढते, तिच्यावर फिरणारीही आहेत. म्हणजे माणूस झोपला तरी ओढा जप करत असतो, आणि कोणाला त्यात टिंगल वाटत नाही.

जपानमधल्या काही बौद्ध मंदिरांत अख्खं ग्रंथांचं कपाट उभ्या कण्यावर बसवलेलं असतं. ढकलून एक फेरा दिला की आतले सगळे ग्रंथ वाचल्याचं पुण्य. ज्याला वाचता येत नाही त्यानं काय करायचं, या प्रश्नाचं ते उत्तर आहे, आणि मला तरी ते फार मायाळू उत्तर वाटतं.

युरोपातही तेच. चौदाव्या शतकात इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्स मठाचा मठाधिपती, रिचर्ड ऑफ वॉलिंगफोर्ड, दातेरी चक्रांचं खगोलीय घड्याळ उभारत होता. मठात प्रार्थनेच्या वेळा पाळायच्या असत, चंद्रसूर्याचा हिशोब ठेवायचा असे. दाते कापायची अक्कल माणसाला आली त्यात देवाधर्माचा वाटा मोठा आहे.

साधा_भाविक
हे माहीत नव्हतं. ओढ्याचं आवडलं. बरं, चालू द्या, पण जपून.

तेलकट_हात
साधा_भाविक, जपूनच. घरात आईची माळ आहे, तिच्यासमोर असला काही प्रयोग करायची माझी छाती नाही.

गवाक्ष, मणिचक्राला सायकलचं पुढचं हब लावलं तर? आत दोन्हीकडे बारीक छर्रे, ग्रीस भरून नट नीट बसवला की एका टिचकीवर किती वेळ फिरत राहतं ते सायकल उलटी करून पाहा. शिवाय मागचं हब फ्रीव्हीलसकट घेतलं तर चुकीच्या दिशेनं जोर लागणारच नाही. लहान मूल उलटं ढकलायला गेलं तर नुसती टिकटिक होईल.

गवाक्ष
जरा थांबा. बौद्ध लोक घड्याळाच्या दिशेनं फिरवतात, पण तिबेटमधलेच बोन परंपरेचे लोक उलट दिशेनं फिरवतात आणि प्रदक्षिणाही उलट घालतात. तुमचं फ्रीव्हील बोन भाविकाचा हातच धरणार नाही.

निमूट
मग चाक उलटं बसवा. फ्लिप-फ्लॉप हब असतं ना, दोन्ही बाजूंना आटे पाडलेलं. एकीकडून बौद्ध, दुसरीकडून बोन, मध्ये एक पाना. धर्मांतर पाच मिनिटांत.

पाना_नंबर_१५
फ्रीव्हीलचा विषय निघालाय म्हणून. मी ज्यांच्या हाताखाली सायकल दुरुस्ती शिकलो ते मिस्त्री फ्रीव्हीलच्या आतल्या खिट्ट्यांना कुत्रे म्हणायचे. सरळ फिरवलं की कुत्रे दाते धरतात, उलट फिरवलं की दात्यांवरून टकटक घसरतात. "कुत्रे गेलेत" म्हणजे पायडल मारलं तरी चाक फिरत नाही. त्यांच्या भिंतीवर दत्ताची तसबीर होती. मला म्हणायचे, "त्याच्याकडे चार आहेत, आपलं दोनात भागतं."

आणि दुसरं. पायडल मारताना फ्रीव्हील गप्प असतं. पाय थांबवलेत, सायकल नुसती घरंगळू दिलीत, की टिकटिक सुरू. करणारा थांबल्यावर आपोआप चालणारा जप. अजपाजप याहून सोपा करून मला कोणी सांगितलेला नाही.

मेरुमणी
पाना_नंबर_१५, या धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद. मी सगळे आक्षेप मागे घेतो. एक सोडून: शंकराची प्रदक्षिणा. ती पूर्ण घालत नाहीत. सोमसूत्रापर्यंत, म्हणजे पिंडीवरचं पाणी बाहेर जातं त्या पन्हळीपर्यंत जायचं, ते न ओलांडता मागे फिरायचं, आणि उलट बाजूनं पुन्हा सोमसूत्रापर्यंत. तुमचे कुत्रे परतीच्या वाटेवर काय करणार?

पाना_नंबर_१५
भुंकणार.

नव्याण्णव
मजा येतेय वाचायला. आमच्या बाजूची अडचण मांडतो. आमच्या जपमाळेत, तस्बीहमध्ये, मणी ९९ असतात, किंवा ३३ असतात आणि तीन फेरे करायचे. दोन्ही आकडे विषम! निमूट यांनी वर सांगितलंच आहे की चेन विषम कड्यांची होत नाही. म्हणजे सायकलनं आम्हाला आधीच वगळलेलं आहे. 🙂

निमूट
अजिबात नाही. अर्धकडी मिळते, एका टोकाला आतली आणि दुसऱ्या टोकाला बाहेरची, मध्ये वाकवलेली. ती एक घातली की ९९ जमतात. पण अर्धकडी चेनमधली सगळ्यात कच्ची जागा, म्हणून तो मार्ग नको. तुम्ही मोजणी चेनवर ठेवूच नका, चक्रावर ठेवा. ३३ दात्यांचं चक्र, तीन फेरे, ९९ पूर्ण. एका दात्याला रंगाचा ठिपका द्या. शिवाय ३३ विषम, म्हणजे मघाशी म्हटलं तसं सगळे दाते सारखे झिजणार. तुमचं चक्र तेलकटरावांच्या चक्रापेक्षा जास्त टिकेल.

नव्याण्णव
मग ठीक. तसे आमचे आजोबा बोटांच्या पेरांवरच मोजायचे. एका हाताची पेरं, ना ग्रीस ना पाना.

शेवंतीचं_झाड
रोझरीचंही सांगते. एकूण मणी ५९. त्यातले पाच खाली लोंबणाऱ्या शेपटीवर, क्रूसाकडे जाणारे. वरच्या गोलात दहा-दहाचे पाच गट आणि त्यांच्या मध्ये चार सुटे मणी. म्हणजे गोलात किती झाले? ५४!

तेलकट_हात
काय सांगता! म्हणजे माझं ५४चं चक्र एकदा फिरलं की रोझरीचा गोल आणि दोनदा फिरलं की जपमाळ? मला आता जरा भीती वाटायला लागली आहे.

तीन_तेरा
भिऊ नका. ५४ला २, ३, ६, ९, १८, २७ एवढ्यांनी भाग जातो. मोजायला सोयीचे आकडे लोकांनी सगळीकडे उचलले, आणि चक्रं बनवणाऱ्यांनाही कुठला तरी आकडा हवाच होता.

शेवंतीचं_झाड
तीन_तेरा, तुम्ही लग्नात आहेराची पाकिटंही मोजत असाल.

अवांतर: सायकलवाल्यांना स्वतःची देवी आहे हे इथे कोणी लिहिलंच नाही. इटलीत कोमो सरोवराजवळच्या चढावर मदोन्ना देल गिसाल्लोचं छोटं देऊळ आहे. १९४९ साली पोप बारावे पायस यांनी तिला सायकलस्वारांची संरक्षक म्हणून जाहीर केलं. आत नवसाच्या वस्तूंच्या जागी शर्यतीतल्या सायकली टांगलेल्या आहेत, कोप्पी आणि बार्ताली या शर्यतपटूंच्यासुद्धा. हा जीनो बार्ताली दुसऱ्या महायुद्धात सरावाच्या नावाखाली मैलोन्‌मैल सायकल मारायचा आणि ज्यू लोकांना वाचवणारी बनावट कागदपत्रं सायकलच्या नळीत दडवून न्यायचा. ते त्यानं हयातीत मिरवलं नाही. सायकल आणि धर्म एकत्र आणायचेच तर मला ती नळी पुरे आहे.

अडगळ
मोटरवर चालणारं आरतीचं यंत्र पाहिलंय ना सगळ्यांनी? एका दांड्यावर नगारा, घंटा, झांजा, बटण दाबलं की धडधड. त्याचा माझा जुना राग आहे. आरती संथ सुरू होते आणि शेवटाकडे टाळ्या चढत जातात. यंत्राला ते कळत नाही, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच चालीत बदडतं. मोटर काढा, पायडल लावा आणि सात गिअरचा डिरेलर. पहिल्या कडव्याला मागचं मोठं चक्र, मग एकेक खाली, शेवटच्या कडव्याला सगळ्यात लहान. पायाची गती तीच आणि नगाऱ्याची चढती.

निमूट
आणि ऐन शेवटच्या कडव्याला चेन पडली तर?

अडगळ
तर माणसं टाळ्या वाजवतील. पूर्वी वाजवायची तशा.

ओसरी
धागा वाचून घरातली खरी गोष्ट सांगावीशी वाटली.

आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. व्यायामाला खुर्चीपुढे ठेवायचं ते पायडलचं यंत्र आणलं, नुसता कणा आणि दोन पायडलं. दोन दिवसांत कंटाळली. "कुठे पोचत नाही आणि पाय मात्र दुखतात," म्हणाली. तिचा लाख नामाचा संकल्प ऑपरेशनमुळे अडला होता, म्हणून मी सुचवलं की एका फेऱ्याला एक नाम घे, मोजायचं काम माझं. माळ्यावरच्या जुन्या सायकलचं फेरे मोजायचं डबीएवढं यंत्र मिळालं. आऱ्याला लावलेली पिन दर फेऱ्याला एका चांदणीसारख्या चाकाला टोचा देते आणि आत आकडे सरकतात, ते. पिन पायडलच्या दांड्याला बसवली आणि डबी पट्टीनं आवळली. खट्, एक. खट्, दोन.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आकडा होता १,१४०. मी खूश. आजी चष्मा पुसत म्हणाली, "खोटा आहे. मधे तुझ्या मावशीचा फोन आला होता, पाय चालूच होते. तेवढे वजा कर." किती, विचारलं तर म्हणे दोनशे धर. मी म्हटलं, आजी, हे वजा होत नसतं. ती काही बोलली नाही. यंत्राकडे बघितलं, पाय ठेवले आणि उलटे पायडल मारायला लागली. खट्, १,१३९. खट्, १,१३८. चांदणी उलटी फिरत होती, आकडे मागे चालले होते. ९४० आल्यावर थांबली.

मी विचारलं, उलटं मारताना नाम घेत होतीस का? "छे, तेव्हा मावशीला शिव्या घालत होते."

मेरुमणी
आजींना साष्टांग.

पाना_नंबर_१५
फ्रीव्हील नसल्याचा फायदा. कुत्रे असते तर दोनशे नामं खोटी राहिली असती.

पंचांगी
उशिरा आलो, पण खजिना घेऊन आलोय. जप, आरती सगळं ठीक, सायकलच्या चक्रांचा खरा उपयोग अधिक महिना काढायला आहे.

१९ सौर वर्षांत २३५ चांद्रमास बसतात. वर्षाला बारा धरले तर १९ वर्षांचे २२८ होतात. २३५ वजा २२८, सात. तेच १९ वर्षांतले सात अधिक महिने. पडताळून पाहा: २००४ साली अधिक श्रावण होता, १९ वर्षांनी २०२३ सालीही अधिक श्रावण. २००७ साली अधिक ज्येष्ठ, २०२६ सालीही तोच. ग्रीसजवळच्या समुद्रातून १९०१ साली वर काढलेल्या अँटिकिथेराच्या दोन हजार वर्षं जुन्या यंत्रात हाच १९ वर्षांचा हिशोब कांस्याच्या दात्यांत कोरलेला आहे. त्यात १२७ दात्यांचं एक चक्र आहे. तेवढं मोठं सायकलचं चक्र कुठून आणणार?

पण आपल्याला १२७ लागतच नाही. २३५ म्हणजे ४७ गुणिले ५. पहिली जोडी: पुढे ४७, मागे १९. दुसरी जोडी: पुढे ५५, मागे ११. ४७/१९ गुणिले ५५/११ म्हणजे बरोब्बर २३५/१९. चारही चक्रं सायकलच्या दुनियेत बनतात. ४७चं ट्रॅकच्या सायकलींना लावतात, ५५चं शर्यतीच्या, आणि ११ व १९ तर बऱ्याच गिअरवाल्या सायकलींच्या मागे. पहिला दांडा हातानं एक फेरा फिरवला की एक वर्ष. शेवटच्या दांड्याला चंद्राची तबकडी, ती १२.३६८ फेरे मारणार. पट्टा घसरतो, चेन घसरत नाही, म्हणून चेनच हवी.

चूक किती? निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेलं वर्ष धरलं तर १९ वर्षांत सुमारे चार तास वीस मिनिटं. म्हणजे एक तिथी चुकायला शंभर वर्षं लागतील. तोपर्यंत चेन बदललेली असेल.

गवाक्ष
क्या बात! इस्फहानच्या एका कारागिरानं इसवी सन १२२१-२२मध्ये दातेरी चक्रांचं कॅलेंडर पोटात असलेलं ॲस्ट्रोलेब, म्हणजे ताऱ्यांवरून वेळ काढायचं यंत्र, केलं होतं. मागच्या खिडकीतून चंद्राच्या कला दिसतात. ते आज ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे. तुम्ही त्याच घराण्यातले.

मेरुमणी
पंचांगी, क्षयमासाचं, म्हणजे गाळल्या जाणाऱ्या महिन्याचं काय? आणि अधिक कोणता, हे सूर्याच्या संक्रांतीवरून ठरतं. सूर्य वर्षभर एका चालीनं चालत नाही.

पंचांगी
मान्य. हे यंत्र मध्यम, म्हणजे सरासरी गती दाखवतं, स्पष्ट, म्हणजे खरी गती नाही. क्षयमास तर दाखवणारच नाही. त्यासाठी चक्र गोल न ठेवता लंबगोल करावं लागेल.

निमूट
लंबगोल चक्रंही मिळतात! गुडघ्यांना बरी म्हणून लोक लावतात. दाते तेवढेच, एका फेऱ्यात दोनदा जड आणि दोनदा हलकं.

पंचांगी
दोनदा नको, एकदाच हवं. सूर्य वर्षात एकदाच जलद आणि एकदाच मंद असतो. म्हणजे गोलच चक्र घ्यायचं, पण भोक मध्यापासून जरा बाजूला पाडायचं. झालं मंदफल, म्हणजे सूर्याच्या चालीतला तोच फरक!

तेलकट_हात
मी हरलो. माझी जपचेन मागे घेतो, हेच करायचं. आज सकाळपासून लागलोय. एका जुन्या सायकलची चौकट उलटी करून ठेवली, मधला दांडा दुसऱ्या सायकलच्या मागच्या हबचा. १९ मिळालं, ११ मिळालं, ५५ एका मित्राच्या मित्राकडे आहे. ४७ काही मिळत नाही. घरात ४६ आहे आणि माझ्या सायकलचं ४८ आहे. एका दात्यानं काय फरक पडतो?

पंचांगी
बराच. ४६ गुणिले ५ म्हणजे २३०. वजा २२८, उरले दोन. तुमच्या घरात १९ वर्षांत दोनच अधिक महिने येतील. ४८ लावलंत तर २४०, म्हणजे बारा.

शेवंतीचं_झाड
अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं ना? मग ४६ लावलं तर जावई रुसतील, ४८ लावलं तर सासरे.

तेलकट_हात
आत्ताच हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. सासरे आलेले आहेत, ते म्हणाले ४६ छान आहे, पॉलिशही चांगलं दिसतंय. बायको म्हणाली, तिकडे माझ्या सायकलचं पुढचं चक्र कोणी काढलं?